कान

आमच्या घरात प्रत्येकाला एक खुणेचं नाव होतं.
आईचं: कपाळावरचा घाम निपटणं.
माझं: कानाच्या पाळीला दोन बोटं.
अकेयोनं ठेवलेलं.
ऐकू येणारे आम्ही तिघं,
पण तिच्या खुणा येत होत्या मला एकट्याला.

होमा बेचा सरकारी दवाखाना.
मी अकरा वर्षांचा, ती सतराची.
बाकावर बाया, पोरं, सुक्या ओमेनाच्या टोपल्या,
भिंतींनाही मासळीचा वास.
नर्सनं तिच्याकडे पाहिलंच नाही.
मला विचारलं, "काय होतंय हिला?"

अकेयोचे हात हलले.
दंडावर सुई. तीन बोटं.
मग पोट, आणि पोटावरून सपाट फिरवलेला तळवा.
तीन महिने पुरतं ते इंजेक्शन. आत्ता मूल नको.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
मला सगळं कळलं होतं.
मागच्या बाकावर चर्चमध्ये गाणारी बाई बसली होती.
माझी कानशिलं तापली,
आणि मी म्हणालो, "पोट दुखतंय."

पांढऱ्या गोळ्या, कागदी पाकिटात.
पाकिटावर पेनानं काढलेला सूर्य आणि चंद्रकोर:
सकाळी एक, रात्री एक.
आमच्या बोलीत चंद्राला आणि महिन्याला
एकच शब्द आहे, द्वे.
तिनं चंद्रकोरीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघून हसली.
मी मान हलवली.

गोळ्या तिनं नेमानं घेतल्या.
रिकामं पाकीट वहीत ठेवलं,
जन्माचा दाखला जपावा तसं.

डिसेंबरात गणवेश कमरेला बसेना.
मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावलं.
ज्याचं मूल, तो पोरगा बोटीत बसून म्फांगानोला गेला
आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.
आमच्याकडे अळीमिळी गुपचिळी.
तिघांना बोलता येत होतं,
तिघांतल्या एकानं ब्र काढला नाही.

मग एक दिवस ती पाकीट घेऊन
बाजारातल्या औषधवाल्याकडे गेली.
त्यानं पाठीमागे लिहून दिलं: जळजळीवर.

त्या रात्री माझ्या अंथरुणाशी आली.
कंदील खाली ठेवला, हात दिसावेत म्हणून.
तू काय सांगितलंस?
मी केलं: पोट. दुखतं.
ती इतका वेळ बघत राहिली
की मला वाटलं, आता मारणार.
तिनं हात जमिनीपासून माझ्या उंचीएवढा धरला.
एवढासा.
मग तोच हात दवाखान्याच्या दिशेला झटकला:
एवढ्याशाला मधे उभं केलं कुणी?

पुढचं तिचं आहे, तिनंच सांगावं.
मला माहीत आहे ते इतकंच,
की मूल पाठीला बांधून ती जुन्या शाळेतल्यांच्या दारोदार गेली,
न्यांगेरे, ओबुया, चाकाच्या खुर्चीतला रापेंडा,
आणि दर मंगळवारी ते सगळे दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिले.
घोषणा कसल्या देणार?
हात बोलत राहिले, येणारेजाणारे थबकत राहिले.
नवव्या मंगळवारी नर्स बोसिबोरी बाहेर आली.
तीच. निवृत्तीला आलेली, बोटांत संधिवात.
म्हणाली, शिकवा.

'दुखतं' तिला लगेच आलं.
'तुला काय हवंय' यायला महिना गेला.
'कुणी जबरदस्ती केली का' अजूनही अडखळतं,
पण ती विचारते, खुर्ची ओढून, समोर बसून,
चष्मा वर सरकवून.

परवा अकेयोला सोडायला गेलो होतो.
ती एकटी आत गेली, मी बाकावर.
दार नीट लागत नाही, फटीतून हात दिसत होते.
बोसिबोरीचं काहीतरी चुकलं,
अकेयो हसली, तिचं बोट धरून वळवलं,
मग स्वतःचे हात उचलले.

आणखी दिसलं असतं.
मी भिंतीकडे तोंड करून बसलो.
मासळीचा वास अजून आहे तिथे.